चिलखताचा गंज आणि शिकलगाराचे हात

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत लढाई सुरू होते, गाजते आणि संपते. कोण जिंकले, कोण पडले, कोणता मुलूख कोणाकडे गेला हे सांगून प्रकरण मिटते. पण लढाई संपल्यावर घामाने, पावसाने आणि रक्ताने भिजलेली ती हजारो चिलखते कोणी पुसली, कोणी घासली, पुढच्या मोहिमेपर्यंत ती गंजू नयेत म्हणून कोणी काय केले, याची चौकशी सहसा होत नाही. राजा आणि सरदार यांच्या नावांनी पाने भरतात. ज्यांच्या हातांमुळे त्या सरदारांच्या अंगावरचे लोखंड शाबूत राहिले, ती माणसे मात्र तळटिपेतही येत नाहीत. या लेखात आम्ही त्या हातांविषयी लिहीत आहोत. त्यातले बरेचसे हात आपल्या समाजातले होते, हे त्यामागचे एक कारण. ते काम आज जवळजवळ बंद पडले आहे आणि त्यासोबत एक ज्ञानही बुडत चालले आहे, हे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण.

भाषेपासून सुरुवात करू, कारण कागदपत्रे गहाळ होतात पण शब्द टिकतात. लढाईच्या साहित्याची मराठी ही बरीचशी फारसी-अरबीतून घडलेली आहे. ‘जिरेटोप’ या शब्दातला ‘जिरे’ म्हणजे फारसी ‘जिरह’, अर्थात कड्यांचे जाळीदार चिलखत. ‘बख्तर’ही तिकडचेच. हत्यारे ठेवण्याची जागा ‘शिलेखाना’, आणि स्वतःचे घोडे-हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो ‘शिलेदार’. दोन्हींच्या मुळाशी अरबी ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. धातूवर चढवलेल्या तकाकीला आपण ‘जिल्हई’ म्हणतो, तो शब्द ‘जिला’पासून आला. आणि ‘सैकल’ म्हणजे घासून-पुसून उजळणे. ते करणारा ‘सैकलगर’. मराठी जिभेवर तो ‘शिकलगार’ झाला. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग करून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. दरबारी लेखनापुरता तो प्रयत्न मोलाचा होता. तरी गावोगावच्या तोंडी शिलेदार शिलेदारच राहिला आणि शिकलगार शिकलगारच. काम करणाऱ्याचे नाव कामासोबत जगते.

चिलखताचे प्रकार अनेक. साधे जिरह म्हणजे हजारो लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेला अंगरखा. चांगल्या कामात प्रत्येक कडीची टोके चपटी करून त्यांत बारीक खिळा ठोकलेला असे. जिरह-बख्तरात या कड्यांच्या मध्ये छाती-पोटावर लोखंडी पट्ट्या बसवलेल्या असत. तिसरा प्रकार ‘चार आईना’. छाती, पाठ आणि दोन कुशी यांवर बांधायच्या चार पोलादी पाट्या, म्हणजेच चार आरसे. हे नावच बोलके आहे. ज्या पोलादात तोंड दिसावे इतके ते घासलेले असायचे, त्यालाच आईना म्हणता येईल. शिकलगाराने आठवडाभर हात आवरला तर या आरशाचा आरसेपणा संपला.

लोखंड घडवण्याच्या विद्येला आपल्या परंपरेत मोठा मान आहे. कुरआनातील एका सूरेचे नावच ‘अल-हदीद’, म्हणजे लोखंड. हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ करण्यात आले आणि त्यांना चिलखत विणण्याची कला शिकवण्यात आली, कड्यांचे माप नीट राखण्यास सांगण्यात आले, असा उल्लेख सूरह सबा व सूरह अंबिया यांत येतो. म्हणून जिरह विणणारे कारागीर आपले उस्ताद हजरत दाऊद असल्याचे मानत आले. सूफींनी पुढे याच धंद्यातून आपली भाषा घेतली. त्या काळी आरसे काचेचे नव्हते, धातूचे होते; त्यावर ‘जंग’ म्हणजे गंज चढे आणि तो सैकल करून काढावा लागे. मनावरचा गंज आणि जिक्राची जिल्हई ही उपमा खानकाहीत बसलेल्या सामान्य माणसाला लगेच कळत असे, कारण त्याच्या शेजारच्या गल्लीत शिकलगाराची साण फिरत असे. आज ती उपमा आपण ऐकतो, पण साण कोणी पाहिलेली नसते.

आता या विषयाला भूगोलात बसवू. अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) गोदावरीच्या काठी पुणतांबा हे गाव आहे. चांगदेवांच्या समाधीमुळे ते तीर्थक्षेत्र म्हणून ओळखले जाते. २०१७ साली शेतकऱ्यांच्या संपाची हाक याच गावातून निघाली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी पुणतांब्याचे नाव झाले. या गावात चिलखतांचा कारखाना होता असे आम्ही म्हणणार नाही. पण पुणतांब्याच्या घाटावर उभे राहून नदीच्या प्रवाहाच्या दिशेने आणि रेल्वेच्या रुळांच्या दिशेने पाहिले, तर दख्खनच्या लोखंडाचा बराचसा इतिहास या दोन वाटांवर सापडतो.

आधी नदीची वाट. पुणतांब्याहून गोदावरी पैठणकडे जाते आणि पुढे पाथरीच्या परिसरातून वाहते. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचे घराणे मूळ या पाथरीचे. त्याचा बाप मलिक हसन हा ब्राह्मण कुळात जन्मलेला आणि बहमनी दरबारात वाढलेला, असे फरिश्ता सांगतो. मलिक अहमदने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य उभे केले, १४९४ मध्ये अहमदनगर शहर वसवायला घेतले आणि हे राज्य १६३६ पर्यंत टिकले. जवळजवळ दीडशे वर्षे गोदाकाठचा हा मुलूख एका लष्करी राज्याचा भाग होता. जिथे लष्कर तिथे शिलेखाना आणि जिथे शिलेखाना तिथे लोहार, कडी विणणारा, म्यान शिवणारा आणि शिकलगार.

नदी पुढे नांदेडला पोचते. तेथील तख्त सचखंड हजूर साहिब येथे गुरू गोविंदसिंग यांच्या काळातील शस्त्रे जपलेली आहेत. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ‘तख्त स्नान’ होते. भाविक गोदावरीचे पाणी आणतात, तख्त धुतले जाते आणि शस्त्रे बाहेर काढून स्वच्छ केली जातात. जे पाणी लोखंडाचा शत्रू, त्याच पाण्याने शस्त्रांची सेवा होते. आणि तरी शस्त्रे टिकली, कारण धुण्यानंतरचे पुसणे, घासणे आणि उजळणे हे तिथे श्रद्धेने, वर्षाच्या वर्षाला, न चुकता घडते. शीख समाजातही सिकलीगर नावाचा कारागीर वर्ग आहे आणि नांदेड परिसरात त्यांची वस्ती आहे. मुसलमान शिकलगार आणि शीख सिकलीगर यांचा धर्म वेगळा, पण नाव एक, साण एक, आणि पुढे नशिबाला आलेले दिवसही जवळपास सारखेच.

नांदेडच्या पुढे नदी तेलंगणात शिरते. तिच्या खोऱ्यात, निजामाबादच्या बाजूला, कोनासमुद्रम् नावाचे गाव आहे. बंद मुशीत लोखंड वितळवून केलेल्या पोलादासाठी ते प्रसिद्ध होते. इराणचे व्यापारी ते विकत घ्यायला इथपर्यंत येत. या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते, तिला ‘जौहर’ म्हणतात. ती वरून काढलेली नसते, पोलादाच्या पोटातच असते. शिकलगाराने पाते बारीक घासून त्यावर हिराकसाचे पाणी फिरवले की ती उमटते. घासण्याचा हात जास्त झाला तर पुसट होते आणि गंज चढला तर दिसेनाशी होते. म्हणजे शिकलगाराकडे दोन गोष्टी हव्यात. घासण्याची ताकद आणि कुठे थांबायचे याची समज. दुसरी गोष्ट शिकायला वर्षे लागतात.

गंज म्हणजे नेमके काय, हे समजल्याशिवाय त्या कारागिराची हुशारी कळणार नाही. लोखंड, हवेतला प्राणवायू आणि ओलावा, हे तिघे एकत्र आले की गंज तयार होतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर गेली की हा वेग झपाट्याने वाढतो. त्यात मीठ मिसळले तर विचारायलाच नको. माणसाच्या घामात मीठ असते. म्हणून अंगावर घातलेल्या चिलखताला आतून गंज लागतो आणि नुसत्या बोटांच्या ठशांवरही काही दिवसांत लालसर डाग उठतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे कडीतल्या बारीक खिळ्याच्या भोवती तो फुगला की कडी आतून फाटते. शिवाय गंज सच्छिद्र असतो, तो ओल धरून ठेवतो आणि खालच्या लोखंडाला पुन्हा खातो. तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचे तसे नसते. त्यावर चढणारा थर बऱ्याच अंशी खालच्या धातूचे रक्षण करतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण अहमदनगरातच घडले. विजापूरच्या बुरुजावर आज जी ‘मलिक-ए-मैदान’ तोफ आहे, ती १५४९ मध्ये बुर्हान निजामशाहाच्या काळी अहमदनगरात महंमद रूमी या तुर्की उस्तादाने ओतली. ती कांस्य जातीच्या धातूची आहे. जवळजवळ पावणेपाचशे वर्षे ऊनपाऊस झेलूनही तिच्या तोंडावरचा सिंहाचा जबडा आणि त्यावरचे लेख वाचता येतात. त्याच शहरात त्याच काळात बनलेली आणि वापरली गेलेली लोखंडी चिलखते मात्र कुठे गेली? १५९५-९६ च्या मोगली वेढ्यात सुरुंगाने तट फुटला, तेव्हा चांदबीबी चेहऱ्यावर बुरखा आणि हातात तलवार घेऊन भगदाडावर उभी राहिली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या रात्री तटाच्या मागे शेकडो माणसे चिलखत घालून उभी असतील. त्यातली किती चिलखते आज अहमदनगरात आहेत? तोफ उरली, कारण तिची धातू टिकाऊ होती. चिलखताला माणसाचा हात लागतो. हात थांबला की चिलखत संपते.

दख्खनच्या चिलखतांचा मोठा साठा टिकला तो दख्खनबाहेर, राजस्थानातल्या बिकानेरमध्ये. आदिलशाहीच्या पाडावानंतर आदवणीचा किल्ला सिद्दी मसऊद या हबशी सरदाराच्या ताब्यात होता. तो मोगलांनी १६८९ च्या सुमारास घेतला. बिकानेरचा राजा अनुपसिंग त्या वेळी मोगलांच्या चाकरीत दक्षिणेत होता. आदवणीच्या शिलेखान्यातील चिलखते आणि हत्यारे त्याने बिकानेरला नेली. तिथल्या कारकुनांनी प्रत्येक चिलखतावर बारीक टिंबांनी देवनागरीत नोंद ठोकली, ते आदवणीच्या लुटीतले आहे, कोणत्या संवतातले आहे. वाळवंटातली कोरडी हवा आणि दरबाराच्या शिलेखान्याची निगराणी यांमुळे हे लोखंड तगले. आज जगातल्या अनेक संग्रहालयांत दख्खनी चिलखत म्हणून जे दाखवले जाते, त्यातले बरेच या बिकानेरच्या साठ्यातून गेलेले आहे. यातून दोन धडे घ्यायचे. एक, हवामान अर्धे काम करते. दुसरा त्याहून महत्त्वाचा. ती टिंबांची नोंद केसाएवढी खोल आहे. एखाद्या उत्साही माणसाने वाळूचा कागद घेऊन चिलखत ‘चकाचक’ केले असते, तर आदवणीचे नाव कायमचे पुसले गेले असते आणि आपल्या हाती नुसते चमकणारे लोखंड उरले असते.

गंज रोखण्याचे जुने उपाय जगभर पाहण्यासारखे आहेत. युरोपात कड्यांचे चिलखत वाळू घातलेल्या पिंपात टाकून पिंप गडगडवत. कड्या एकमेकींवर आणि वाळूवर घासून आपोआप स्वच्छ होत. इंग्लंडच्या डोव्हर किल्ल्याच्या चौदाव्या शतकातील यादीत खास या कामाच्या पिंपाची नोंद आहे. जपानी कारागीर लोखंडी पट्ट्यांवर लाखेसारखा चिवट रोगण चढवत, म्हणजे ओल धातूपर्यंत पोचतच नसे. आपल्याकडे तेल किंवा चरबीचा हात फिरवून कापडात बांधून ठेवण्याची रीत होती. पोलाद निळसर-काळे तापवून किंवा त्यावर सोन्या-चांदीची तार ठोकून केलेली कोफ्तगरी ही शोभेसाठी होतीच, पण जेवढा भाग झाकला तेवढा तो वाचत असे. अकबराच्या कारखान्यात तर यंत्रही होते. अबुल फज्लने आईन-ए-अकबरीत बैलाने फिरणाऱ्या एका चाकाचे वर्णन केले आहे, त्यावर बंदुकीच्या सोळा नळ्या एकाच वेळी आतून साफ होत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचे म्हणून ओळखले जाणारे १५८१ चे छातीचे चिलखत आणि १५९३ ची ढाल आहे. आपल्यापैकी ज्यांनी ती पाहिली असेल त्यांनी पुढच्या वेळी बादशहासोबत ती घासणाऱ्या अनाम हातांचीही आठवण करावी.

शिकलगाराची मुख्य दौलत म्हणजे साण. कुरुंदाच्या दगडाची पूड लाखेत मिसळून तिचे चाक करायचे, एकाने दोरीने किंवा पट्ट्याने ते पुढे-मागे फिरवायचे आणि दुसऱ्याने पाते धरायचे. जाड पुडीची, मध्यम पुडीची आणि बारीक पुडीची साण वेगळी. शेवटचा हात कापडाचा किंवा चामड्याचा. खंडेनवमीला घरोघरी शस्त्रे पुजली जात, त्याआधी ती उजळून घ्यावी लागत, आणि ते काम करणारा शिकलगार मुसलमान असे. मोहरमच्या आधी ताबूत-पंजे उजळण्याची लगबग असे, आणि गावोगावच्या पंजांना मान देणारे पुष्कळ लोक हिंदू असत. पितळी पंजे चिंच-राखेने उजळतात. लोखंडाला मात्र चिंच चालत नाही, कारण तिचा आंबटपणा कड्यांच्या सांध्यात राहिला तर तो धातू खातच राहतो. हा फरक घरातल्या बायकांनाही ठाऊक होता. गावगाडा अशा बारीक-बारीक देवाणघेवाणीवर चालत होता, मोठमोठ्या भाषणांवर नव्हे.

मग हे सगळे मोडले कसे? आधी युद्धाची तऱ्हा बदलली. अहमदनगरचाच मलिक अंबर (मृत्यू १६२६) याने हलक्या घोडदळाची, झपाट्याने येऊन झपाट्याने जाणारी लढाई मोठ्या कौशल्याने वापरली. १६२४ ची भातवडीची लढाई त्याच्या डावपेचांसाठी ओळखली जाते. पुढे मराठ्यांनी ती रीत आणखी पुढे नेली. अशा घोडेस्वाराला जड चिलखताचे ओझे परवडत नव्हते. बंदुकीची गोळी जाड पत्र्यालाही जुमानेना. तरी तलवारी, भाले, कट्यारी होत्या, तोवर शिकलगाराला काम होते. खरा घाव बसला तो १८७८ साली. लॉर्ड लिटनच्या सरकारने हत्यारांचा कायदा आणला. परवान्याशिवाय हिंदी माणसाने शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले, युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. ज्यांच्या घरी तलवार होती त्यांनी ती लपवली, पुरली किंवा मोडीत काढली. ज्या धंद्याचे गिऱ्हाईकच बेकायदा झाले, तो धंदा कसा जगणार?

आणि इथे रेल्वेची वाट येते. दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला तोही १८७८ मध्येच. आज पुणतांबा जंक्शनवर उभे राहिले की हाच मार्ग दिसतो, आणि शिर्डीकडे जाणारा फाटाही. एकाच वर्षी या मुलखात नव्या लोखंडाचे रूळ धावू लागले आणि जुन्या लोखंडाच्या कारागिराच्या हातचे काम सुटले. रुळाकडे नीट पाहिले तर गंजाचा धडाही तिथेच आहे. ज्यावरून गाडी रोज जाते त्या रुळाचा माथा चांदीसारखा चमकतो, बाजूला पडलेल्या रुळाला तांबूस कवच चढते. रोज वापरात असलेल्या जिरह-बख्तराचेही असेच होई. हालचालीत कड्या एकमेकींना घासत राहत. गंजाचा खरा धोका असतो तो पेटीत पडून राहिलेल्या चिलखताला. माणसांच्या जमातीचेही काहीसे तसेच झाले. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरांत शिकलगारांची नोंद मुसलमान कारागिरांत येते, पण तोवर शस्त्रांचे काम सरून अडकित्ते, चाकू, कात्र्या, वस्तरे यांची धार एवढेच उरत चालले होते. पुढे कुणी कुलूप-किल्ल्यांकडे वळले, कुणी सायकलच्या चाकावर दगड बसवून दारोदार धार लावू लागले. सांगली-सातारा भागात शिकलगार हे आडनाव आजही सर्रास भेटते. शासनाच्या मागासवर्गीयांच्या यादीत हे नाव आहे, पण यादीत नाव असणे आणि हातातल्या विद्येला किंमत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चिलखत मात्र अहमदनगर सोडून गेलेले नाही. १९४८ पासून भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे केंद्र आणि प्रशिक्षणशाळा याच शहरात आहे. १९९४ मध्ये तिथे रणगाड्यांचे संग्रहालय सुरू झाले. पहिल्या महायुद्धातल्या धाटणीच्या रोल्स रॉइस चिलखती गाडीपासून पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांपर्यंत अनेक वाहने तिथे उघड्यावर, झाडांच्या सावलीत उभी आहेत. १९६५ च्या लढाईत याच जातीचे पॅटन रणगाडे उडवताना हवालदार अब्दुल हमीद शहीद झाले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. चार आईना आणि रणगाडा यांत चारशे वर्षांचे अंतर आहे, पण लोखंडाचा शत्रू बदललेला नाही. पोलादी रणगाड्यालाही गंजरोधक अस्तर लागते, वर रंग लागतो, खड्डा पडला की तो खरवडून पुन्हा रंगवावा लागतो, पावसाळ्यानंतर तपासावे लागते. ज्या कामाला आपले पूर्वज सैकल म्हणत, त्याला आज देखभाल म्हणतात.

आजचे जतनशास्त्र याबाबत काय सांगते तेही पाहू, कारण आपल्यापैकी काही घरांत वाडवडिलांची ढाल, जुना टोप किंवा कड्यांचा तुकडा अजून असेल. दिल्लीच्या कुतुबमिनारजवळचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे का टिकला, याचा अभ्यास कानपूरच्या आयआयटीतील प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी केला. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्या घरातल्या ढालीत ती सोय नसते, म्हणून काळजी आपणच घ्यायची. पहिला नियम, उघड्या हाताने धरू नये. सुती हातमोजे घालावेत. दुसरा, धूळ मऊ कुंचल्याने काढावी, पाण्याने धुऊ नये. तिसरा, सैल गंज बांबूच्या टोकदार कामटीने आणि रॉकेलमध्ये किंचित ओलावलेल्या कापडाने हलके हलके काढावा. वाळूचा कागद, ग्राइंडर, आम्ल, लिंबू, चिंच यांचे नाव काढू नये. चौथा, खाली घट्ट बसलेला काळपट थर काढूच नये, तो मूळ पृष्ठभागाचा साक्षीदार असतो. अक्षर, टिंब किंवा सोन्याच्या तारेचा माग दिसला की हात तिथेच थांबवावा. पाचवा, शेवटी शुद्ध खनिज तेलाचा अगदी पातळ हात किंवा संग्रहालयात वापरतात ते सूक्ष्म-स्फटिकी मेण लावावे. खोबरेल किंवा गोडेतेल लावू नये. ते काही दिवसांनी चिकट होते आणि धूळ धरते. सहावा, चामड्यात, वर्तमानपत्रात किंवा बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नये. कोरड्या सुती कापडात, हवेशीर जागी ठेवावे आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला बघावे.

जतनतज्ज्ञ गंजलेल्या लोखंडावर टॅनिक आम्लही वापरतात. गंजाशी संयोग होऊन काळा स्थिर थर तयार होतो. टॅनिन आपल्या हिरड्यात भरपूर असते. हिरडा आणि हिराकस यांच्यापासून जुन्या काळी काळी शाई करत. म्हणजे जे रसायन लोखंड वाचवते, तेच आपल्या पूर्वजांच्या लेखणीतून कागदावर उतरत होते. शिलेखाना आणि दफ्तरखाना यांची विद्या मुळात इतकी जवळची होती. पण हा प्रयोग घरी करू नये. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा किंवा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील जतन केंद्र यांसारख्या ठिकाणच्या जाणकारांना आधी विचारावे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. त्या देशाबाहेर विकता येत नाहीत. हत्यारांबाबतचा कायदा वेगळा आहे, तोही माहीत करून घ्यावा.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजाला उद्देशून सांगितलीच पाहिजे. भंगाराच्या धंद्यात आपली पुष्कळ माणसे आहेत. जुने वाडे पडतात, माळवदे उकरली जातात, तेव्हा गाठोड्यातले लोखंड किलोच्या भावाने पहिल्यांदा त्यांच्याच तराजूत येते. कड्यांचे एक जाळे, एक वाकडा पत्रा, एक कवचाचा तुकडा यांना भट्टीत टाकण्यापूर्वी एखाद्या शाळेच्या इतिहास शिक्षकाला किंवा जिल्ह्याच्या संग्रहालयाला दाखवले तर किती तरी वाचेल. आपण नेहमी म्हणतो, आमचा इतिहास कुणी लिहीत नाही. पण त्या इतिहासाचा पुरावा आपल्याच हातांनी वितळत असेल, तर लिहिणाऱ्याने काय लिहायचे?

शिवाय शिकलगार कुटुंबांतल्या ज्येष्ठांकडे साण, कुरुंद, लाख, पाण्याचा हात आणि तेलाचा हात यांची जी माहिती अजून शिल्लक आहे, ती लिहून ठेवण्याची वेळ हीच आहे. आपल्या समाजातले पदवीधर मुले-मुली इतिहास, रसायनशास्त्र, पुरातत्त्व शिकू लागली आहेत. त्यांच्यापैकी चार-दोन जणांनी धातुजतनाचे रीतसर शिक्षण घ्यावे, आणि शिक्षण घेताना आपल्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या शिकलगारासमोर वही घेऊन बसावे. संग्रहालयांना असे कुशल हात हवे आहेत आणि समाजाला असे काम हवे आहे. या दोन गरजा एकमेकींना भेटवणे फार अवघड नाही. गंज कुणाचा धर्म पाहत नाही, जात पाहत नाही. ओल आणि दुर्लक्ष मिळाले की तो चढतो. तो उतरवणारी जी विद्या शेकडो वर्षे आपल्या घरात होती, ती पुढच्या पिढीच्या हाती जाईल की तिचाही तुकडा किलोच्या भावाने जाईल, हे आता आपल्यालाच ठरवायचे आहे.